गव्हाणीतला देव आणि आपला वाद

डिसेंबर लागला की महाराष्ट्रातून येणाऱ्या बातम्यांत आणि निरोपांत तोच वाद दिसू लागतो. शाळेत मुलांना सांताक्लॉजचा पोशाख घालावा की नाही, २५ डिसेंबरला नाताळ साजरा करावा की तुळशीपूजन? विरोधक म्हणतात, हा परक्यांचा सण आहे. बाजू घेणारे म्हणतात, मुलांची मौज आहे, एवढे काय मनावर घ्यायचे. वसईत वाढलेला आणि आता इंग्लंडमध्ये राहणारा ख्रिस्ती म्हणून मला दुसरे उत्तर पहिल्याइतकेच खुपते, कारण ज्याच्या जन्माचा हा सण, त्याचा त्यात उल्लेखही नसतो.

आमच्या श्रद्धेत नाताळ हा देहधारणेचा सण आहे. ‘शब्द देही झाला’ असे बायबलमध्ये योहान म्हणतो. म्हणजे ज्याने सृष्टी निर्माण केली त्यानेच भूक, थंडी आणि मरण यांसह माणसाचे आयुष्य पत्करले. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवले आणि ती वार्ता सर्वांत आधी रात्री मेंढरे राखणाऱ्यांना कळली, असे लूक सांगतो. मत्तयाच्या वृत्तांतात तर हेरोद राजाच्या भीतीने हे कुटुंब मिसर देशात आश्रयाला जाते. ख्रिस्ताने ‘स्वतःला रिक्त केले’ असे पौलाने लिहिले, आणि माझ्या मते नाताळचा सगळा अर्थ त्या शब्दांत आहे. शुभवर्तमानांत, म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनाच्या बायबलमधील वृत्तांतांत, जन्माची तारीख नाही, आणि २५ डिसेंबरचा रोममधील सर्वांत जुना ज्ञात उल्लेख ३३६ सालचा आहे. पण श्रद्धा तारखेवर उभी नसल्याने त्यावरचे वाद मला कधी अस्वस्थ करत नाहीत.

अस्वस्थ करते ते इथले चित्र. इंग्लंडमध्ये नोव्हेंबरपासून रस्ते दिव्यांनी उजळतात आणि २५ तारखेला रेल्वेही जवळपास पूर्ण बंद असते. मात्र २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील ४६.२ टक्के लोकांनीच स्वतःला ख्रिस्ती म्हटले. सुट्टी राहिली, भेटी राहिल्या, पण आगमनकाळातील, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या आठवड्यांतील, चार रविवारांची प्रार्थना आणि प्रतीक्षा बहुतेक घरांतून गेली. नाताळ म्हणजे नुसती मौज, हे मायदेशातील समर्थकांचे म्हणणे शेवटी कुठे पोहोचते, ते मी इथे पाहतो.

परकेपणाच्या आरोपाचे उत्तरही मला इथेच सापडते. विल्टशर परगण्यात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि ख्रिस्ताची कथा त्यांनी ओवीबद्ध केली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. आज त्याच परगण्यातील स्विंडनमध्ये गोवेकरांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगीज सत्तेने सक्ती केली, १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चालवले, हे खरे आहे आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी ते स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. तरीही चारशे वर्षांहून अधिक काळ ही श्रद्धा मराठीत बोलली गेली आहे, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांची भजने आजही चर्चमध्ये म्हटली जातात. तिला परकी कसे म्हणावे?

म्हणून शाळेला काही करायचेच असेल, तर लाल टोपी बाजूला ठेवून गव्हाणीची कथा सांगावी. ती ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे असे सांगून, कोणावरही न लादता. आमच्या वसईच्या धर्मग्रामांकडेही, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजाकडेही, माझे एक मागणे आहे. ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे गोठे सजवण्यात आपण फार पैसा आणि कष्ट घालतो. त्यातील निम्मा वाटा जव्हार-मोखाड्याकडून कामासाठी येऊन, तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर झोपड्यांत हिवाळा काढणाऱ्या आदिवासी कुटुंबांसाठी याच नाताळात काढून ठेवावा.