‘फोकस पावडर’च्या मेसेजला एका प्रशिक्षकाचं उत्तर
आमच्या नेमबाजीच्या रेंजच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘फोकस पावडर नैसर्गिक आहे, डोपिंगची भीती नाही. ब्राह्मी आहे. स्पर्धेआधी दुप्पट घ्या, लक्ष दुप्पट लागेल. नेमबाजांना तर हमखास गुण.’ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे आईवडील मला विचारतायत, म्हणून लिहितो.

‘नैसर्गिक, म्हणून भीती नाही.’ कुचला ही विषारी वनस्पतीही नैसर्गिकच. त्यातलं स्ट्रिक्नीन ‘वाडा’ या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी-यादीत आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले काही पैलवान मिथाइलहेक्झानेमाइन या बंदी असलेल्या उत्तेजकामुळे अडकले. हाच पदार्थ पूरकांच्या डब्यांवर जिरेनियमचा अर्क म्हणून विकला जायचा. नमुना पॉझिटिव्ह आला, की ‘डब्यावर लिहिलं नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

ब्राह्मीवरचे अभ्यास बहुतेक कित्येक आठवडे रोज घेणाऱ्यांवरचे, तेही मुख्यतः स्मरणशक्तीचे. सकाळच्या चमच्याने दुपारी नेम लागत नाही.

‘दुप्पट घ्या.’ अशा डब्यांत लगेच जाणवणारं काम बहुधा कॅफिनचं असतं. त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. २००४ पासून त्यावर बंदीही नाही. पण प्रौढ खेळाडूंना फायदा दिसतो तो वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅमला. ९ वर गेलात की धडधड आणि मळमळ वाढते, फायदा नाही. शिवाय ते शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेलं रात्री अकराला अर्धं शिल्लक असतं. पोर छताकडे बघत पडून राहतं, सकाळी डोळे जड, मग आई पुन्हा चमचा भरते. हे बघवत नाही. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर ‘मुलांसाठी नाही’ असं छापावं लागतं, ते उगाच नाही.

‘नेमबाजांना हमखास.’ माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि कॅफिन जास्त झालं की हात थरथरतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची दोन पदकं प्रोप्रानोलॉलमुळे काढून घेतली गेली. ते औषध नाडी संथ करतं, थरथर कमी करतं. म्हणजे नेमबाजीत लबाडीसुद्धा होते ती शांत होण्यासाठी, उत्तेजित होण्यासाठी नाही.

डबा विकत घेतलाच असेल तर उद्या घेऊन या, घटकांची यादी सोबत बसून वाचू. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून मात्रा लपवली असेल, तर तो डबा माझ्या मुलांपैकी कुणी उघडायचा नाही.