कोकणातलं ऑलिव्ह थंडीत घरात कशाला?

दिवाळी झाली की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरायला लागतो. कुंडीतलं ऑलिव्ह थंडीत घरात घ्या, हॉलमधल्या दिव्याचा उजेड त्याला पुरतो, झाड झोपलेलं असतं म्हणून पाणी महिन्यातून एकदाच घाला, उन्हाळ्यात फळं धरतील. चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत लोक तो विश्वासाने पुढे पाठवतात, आणि हौसेने, चांगले पैसे मोजून आणलेली झाडं घरात कोमेजतात. ती वाचावीत म्हणून हे लिहितोय.

थंडीचा मुद्दा आधी. हा सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांतला आहे आणि तिथे तो रास्तही आहे, कारण जमिनीपेक्षा कुंडीतली माती लवकर गोठते आणि मुळं मरतात. पण वाढलेलं ऑलिव्ह शून्याखालचे पाच-सात अंशसुद्धा थोडा वेळ सोसतं. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा १८-१९ च्या आसपास असतो. मग त्याला आत घेऊन वाचवायचं तरी कशापासून?

उलट आत घेतल्याने नुकसानच होतं. भूमध्य समुद्राकाठच्या या झाडाला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागतं. आपल्या कौलारू घरांच्या माजघरात तर दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा जागी झाड लांबुडके, फिकट फुटवे काढतं, पानं विरळ होतात आणि जुनी गळू लागतात. पान उलटून बघा. खालची बाजू रुपेरी हवी. तिथे शिरेलगत तपकिरी, चपटे, नखाने खरवडले तर निघणारे ठिपके दिसले तर ती खवले कीड. कोंदट जागेत ती फोफावते. आंब्यावर तुडतुड्यांचा खार पडतो तसा चिकटा पानांवर येतो, मग त्यावर काळी बुरशी धरते. ओल्या फडक्याने पानं पुसा, निंबोळी तेल फवारा, पण आधी झाड उन्हात न्या.

पाण्याचं म्हणाल तर ऑलिव्ह सदाहरित आहे. थंडीत त्याची वाढ मंदावते, थांबत नाही. त्यात आपल्याकडे त्या दिवसांत मतलई वारा सुटतो, कोरडा असतो आणि कुंडी पटकन सुकवतो. तारखा मोजू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, ओल लागली तर थांबा.

फळांची आशा मात्र सोडा. थंडी नीट पडली नाही की आंब्याचा मोहर कसा रखडतो हे कोकणात कुणाला सांगायला नको. ऑलिव्हला तर फुलायला त्याहून कडक, कित्येक आठवडे टिकणारी थंडी लागते. राजस्थानने २००८ च्या सुमारास इस्रायलच्या मदतीने बिकानेरकडे ऑलिव्हच्या बागा लावल्या. तिथल्या हिवाळी रात्री चांगल्याच गारठतात. आपल्याकडे हे झाड पानांच्या देखणेपणासाठी ठेवावं, आणि तेवढ्यासाठीही ते ठेवण्याजोगं आहे.

त्या संदेशात पावसाळ्याबद्दल अक्षर नाही, हीच मला सर्वांत मोठी चूक वाटते. ऑलिव्हच्या मूळ प्रदेशात पाऊस पडतो हिवाळ्यात, तोही बेताचा, आणि उन्हाळा कोरडा जातो. रत्नागिरीत ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. मुळं दिवसेंदिवस पाण्यात राहतात आणि सडतात. सुपारीवर कोळेरोग आणणाऱ्या फायटोफ्थोरा गटातल्याच बुरशा ऑलिव्हची मुळंही कुजवतात. घराचा आडोसा हवा तो जून ते सप्टेंबर. पडवीच्या कडेला, उजेड मिळेल पण पागोळ्यांचं पाणी कुंडीत पडणार नाही अशा जागी झाड ठेवा. कुंडीखालची थाळी काढून टाका, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे तळाचं भोक मोकळं राहील. मातीत नदीची भरड वाळू सढळ हाताने मिसळा. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि ऑलिव्हला चुनखडीची माती मानवते, म्हणून कुंडीत थोडा शिंपल्यांचा चुना घालावा.

ज्यांनी झाड आधीच आत नेलंय त्यांनी ते एकदम भर उन्हात ठेवू नये, पानं करपतील. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या, मग गच्चीवर न्या. पावसाळ्यानंतर पडवीतून बाहेर काढतानाही हेच करा, ऑक्टोबरचं ऊन कडक असतं.