गाडी बदलू नकोस म्हणणारा मी कोण

गेला आठवडाभर आमच्या मावसभावंडांच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे आणि मला खरंच राग आलाय, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. धाकटा मावसभाऊ नवी मुंबईत ऐरोलीला नोकरी करतो, राहतो ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीला. त्याला प्रमोशन मिळालं, हातात येणारा पगार 1 लाख 5 हजारांवरून 1 लाख 27 हजारांवर गेला. अभिनंदन झालं, पेढे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मामांचा मेसेज: "आता तरी ती वॅगनआर काढून टाक, मॅनेजर माणसाला शोभते का?"

शोभते का! या एका शब्दावरून माझं डोकं फिरलं. गाडी काय शालू आहे का शोभायला? पण तेवढ्यावर थांबलं नाही, संध्याकाळपर्यंत अर्ध्या ग्रुपने आपापल्या आवडीच्या एसयूव्हीचे फोटो टाकले होते, कोणी सनरूफ पाहिजेच म्हणतंय, कोणी म्हणतंय मुलं मोठी झाली आता जागा लागते (मुलं दोन, एक दुसरीत आणि एक बालवाडीत), आणि भाऊ बिचारा मधेच "बघू, टेस्ट ड्राइव्ह घेतोय" एवढंच लिहितोय.

मग मी हिशोब मांडला. त्याने बघितलेली गाडी एक्स-शोरूम साडेपंधरा लाखांची. पेट्रोल गाडीला 10 ते 20 लाखांमध्ये महाराष्ट्रात 12 टक्के रोड टॅक्स, म्हणजे तिथेच 1 लाख 86 हजार गेले, वर इन्शुरन्स आणि बाकी किरकोळ, ऑन-रोड 18 च्या पुढेच. तीन लाख हातचे घालून 15 लाखांचं लोन 9 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 24 हजार 100, आणि व्याजच सव्वापाच लाख. पगारवाढ 22 हजारांची, हप्ता 24 चा! म्हणजे प्रमोशन मिळालेला माणूस पहिल्याच महिन्यात आधीपेक्षा दोन हजारांनी गरीब, आणि पेट्रोल अजून धरलंच नाहीये. 5 वर्षांचं लोन घेतलं तर व्याज पावणेचार लाखांच्या आत राहतं पण हप्ता 31 हजारांवर जातो. वर, 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदललाय, चार मीटरच्या आतल्या 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 18 टक्के आणि ही त्याने बघितलेली लांबडी 40 टक्क्यांत. सरकार तुला लहान गाडी घे म्हणून अक्षरशः पैसे सोडतंय आणि तू मोठीच्या रांगेत.

हे सगळं मी लिहिलं, आकड्यांसकट. आणि खाली माझ्याबद्दल लिहिलं. मी जर्मनीत स्टुटगार्टला राहतो, उंटरट्युर्कहाइमला मर्सिडीजचा कारखाना, त्सुफेनहाउझेनला पोर्शेचा, म्हणजे जगाला गाड्या पुरवणारं गाव, आणि मी इथे 2012 ची स्कोडा ऑक्टाव्हिया कोंबी चालवतो, 2018 मध्ये सेकंडहँड घेतलेली, 2 लाख 10 हजार किलोमीटर झालेत. दोन वर्षांतून एकदा टीयूव्ही (गाडीची सक्तीची तपासणी), ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर, बाकी काही नाही. आमची टीम लीड बाई माझ्या दुप्पट पगारावर आहे, ती महिन्याच्या 63 युरोच्या तिकिटावर एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने येते आणि शनिवारी आपला नंबर असेल तर बिल्डिंगचा जिना स्वतः पुसते. इथे गाड्यांचं सरासरी वय 10 वर्षांच्या वर आहे. पगार वाढला म्हणून कोणी गाडी बदलत नाही, आणि बदलली तरी ऑफिसात पेढे वाटत नाही.

यावर मामेबहिणीच्या नवऱ्याचं उत्तर आलं: "तिकडे बसून सल्ले द्यायला काय जातं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. दर वेळी तेच. रस्त्यावरच्या खड्ड्यांवर बोललं तरी तेच, शाळेच्या फीवर बोललं तरी तेच. मी ठाण्यातच वाढलोय, नौपाड्यात, गोखले रोडवर सायकल चालवायला शिकलोय, तलावपाळीला भेळ खाल्लीये, मग अकरा वर्षं बाहेर राहिलो म्हणून माझा बोलायचा हक्क संपतो का? परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी 2025 च्या मे मध्ये जाहीर केलं होतं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही, तेव्हा ग्रुपवर सगळे तुटून पडले होते आणि एकटा मी म्हणत होतो की बरोबर आहे, जागा नसेल तर गाडी घ्यायचीच कशाला, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का. मी आजही तेच म्हणतो. ठाण्यात गल्लीबोळांत दोन्ही बाजूंना गाड्या, मधून अँब्युलन्स जात नाही, हे सांगायला तिकडेच राहायला लागतं का?

असो. तर मी अजून जोरात लिहिलं. म्हटलं, तुला गाडीची गरजच काय आहे, ठाणे स्टेशनवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकड, दिघा गाव आणि मग ऐरोली, फक्त दोन स्टेशनं. दिघा गाव तर 12 जानेवारी 2024 ला सुरू झालं, ज्या दिवशी अटल सेतू झाला त्याच दिवशी, एवढं सगळं सरकार करतंय आणि तुम्ही एकेक माणूस एकेक गाडीत.

यावर भावाने ग्रुपवर काही लिहिलं नाही. रात्री मला फोन केला, त्याचे साडेअकरा वाजले होते. आवाज शांत होता, तेच जास्त लागलं.

म्हणाला, "दादा, कासारवडवलीवरून ठाणे स्टेशनला पोचायलाच तास लागतो. मग दोन स्टेशनं दहा मिनिटांची असली तरी काय करू?" मग त्याने सगळा रस्ता सांगितला, जसा आपण डॉक्टरला दुखणं सांगतो तसा. सकाळी सव्वाआठला निघायचं. सोसायटीच्या गेटमधून घोडबंदर रोडला लागायलाच पंधरा मिनिटं, पुढे मेट्रोचं काम वर्षानुवर्षं चालू, 2025 च्या सप्टेंबरात चाचणी झाली तेव्हा वाटलं आता सुटलो, पण त्यात सर्व्हिस रोड मेन रोडला जोडायचं कामही आहेच. गायमुख घाटात एक ट्रेलर बंद पडला की मागे पार माजिवड्यापर्यंत. कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका, आनंदनगर नाका, मग ऐरोलीचा पूल. ऑक्टोबर 2024 पासून टोल माफ आहे, पण त्यामुळे वेळ वाचला असं त्याला तरी वाटत नाही. वीस-बावीस किलोमीटर असेल, त्याला दीड तास, येताना परत दीड तास.

"तीन तास क्लच दाबतो मी रोज. डावा गुडघा सुजतो. डॉक्टर म्हणाले ऑटोमॅटिक घ्या. आणि आपल्या गाडीत एअरबॅग एकसुद्धा नाहीये दादा, पोरं मागे असतात."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गुडघ्याचं तर अजिबात नाही. मी ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग वाचतो, वाढदिवस विसरत नाही, आणि त्याचा गुडघा मला माहीत नाही.

आणि मग मला माझाच मेसेज आठवला. मी लिहिताना काय काय वगळलं होतं ते मला चांगलं माहिती आहे. इथे आमच्या पार्किंगमध्ये ज्या नव्या कोऱ्या मर्सिडीज उभ्या असतात त्या बहुतेक कंपनीने दिलेल्या, यादीतल्या किमतीचा एक टक्का दर महिन्याला पगारात धरून टॅक्स कापतात, इलेक्ट्रिक असेल तर त्याहून बरंच कमी, म्हणून लोकांना स्वतःची गाडी घ्यायची गरजच पडत नाही. शोभा इथेही आहे, फक्त ती पेस्लिपमधून येते. आणि माझी ऑक्टाव्हिया चौदा वर्षांची होऊन टिकते कारण ती आठवड्यातून दोनदा निघते, लेकराला फुटबॉलला सोडायला आणि शनिवारी सामान आणायला, बाकी माझी स्टाडटबान (ट्रामसारखी गाडी) घरापासून चार मिनिटांवर आहे. घोडबंदरला रोज तीन तास घासली असती तर तिचंही काही खरं नव्हतं. जी गोष्ट माझ्या मुद्द्याला सोयीची तेवढीच मी सांगितली. हे त्याला फोनवर कबूल केलं नाही, इथे करतो.

तरीही हप्त्याचा मुद्दा मी सोडणार नाही. गुडघ्यासाठी ऑटोमॅटिक लागते, सनरूफ लागत नाही. चार मीटरच्या आतली, सहा एअरबॅगवाली ऑटोमॅटिक 9-10 लाखांत येते, 18 टक्क्यांच्या जीएसटीत, त्याला 7 लाखांचं लोन 5 वर्षांत फिटतं आणि हप्ता साडेचौदा हजार, म्हणजे वाढीतले सात-साडेसात हजार तरी घरात राहतात. इलेक्ट्रिकचाही विचार झाला, रोड टॅक्स माफ आहे, पण त्यांच्या सोसायटीत चार्जरच्या मीटरवरून दोन एजीएम भांडणात गेल्या, तो विषय तिथेच संपला. लहान ऑटोमॅटिकचं त्याला पटलं. "मामांना तू सांग," एवढंच म्हणाला. सांगेन. मामांना मीच सांगेन.

मग तो म्हणाला, "एक्सचेंजमध्ये आपल्या गाडीचे 95 हजार देतायत. देऊ ना?"

आणि मला बोलताच येईना.

"आपली गाडी" हे तो उगाच म्हणत नाही. ती वॅगनआर आमच्या बाबांची आहे. 2012 च्या दसऱ्याला घेतलेली, बँकेतून रिटायर झाल्यावर, त्याआधी आयुष्यभर बजाज स्कूटर. एमएच 04. कौपिनेश्वराच्या देवळाबाहेर पूजा केली होती, चारही चाकांखाली लिंबं ठेवून, आणि बाबांनी पहिला गिअर इतक्या हळू टाकला की लिंबं फुटलीच नाहीत, सरकली. ते ती गाडी दोनच कामांना काढायचे, गडकरी रंगायतनला नाटक असेल तर आणि मला आणायला-सोडायला एअरपोर्टला. 2019 ला बाबा गेले. आई माझ्याकडे आली. मग गाडी भावाला दिली, विकली नाही, त्याला तेव्हा लागत होती.

गेल्या डिसेंबरात मी आलो तेव्हा रात्री दीडला तोच न्यायला आला होता. पुढच्या कप्प्यात टिश्यू शोधताना एक वही हाताला लागली. छोटी, लाल पुठ्ठ्याची, दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. बाबांचं अक्षर. तारीख, लिटर, रुपये, किलोमीटर, आणि शेवटच्या रकान्यात सरासरी, दोन दशांश स्थळांपर्यंत. 17.42. 16.90. एका ओळीपुढे लिहिलंय, "चि. आला." फक्त एवढंच. त्या दिवशीचे किलोमीटर विमानतळाचे आहेत. त्याखाली पुढची तीनेक पानं भावाच्या अक्षरात, त्यानेही लिटर आणि किलोमीटर लिहिलेत, सरासरी मात्र काढलेली नाही, आणि मग 2021 च्या पुढे सगळं कोरं. पवई मागे पडेपर्यंत मी ती वही उलटत बसलो होतो आणि तो काहीच बोलला नाही, गाणीही बंद केली त्याने.

तर मला ती गाडी का विकायला नको होती, हे आता सगळ्यांना कळलं असेल. हप्ता, जीएसटी, जर्मनीतलं सरासरी वय, सगळं खरं आहे, एकही आकडा चुकीचा नाही. पण रात्री दीडला विमानतळाच्या टी-2 टर्मिनलबाहेर आल्यावर मला दुसरी कुठली गाडी उभी दिसायला नको आहे. तेवढ्यासाठी मी एका माणसाला रोज तीन तास क्लच दाबायला सांगत होतो.

ते मी त्याला कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहितीये दादा. म्हणून तर तुला विचारून देतोय." मग म्हणाला, वही काढून ठेवलीये, त्याच्या आईने देवघरात ठेवलीये.

मी म्हटलं, 95 हजार मी देतो, तू नवीन घे, ही माझ्या नावावर करू. मला ते अगदी सोपं वाटलं, हजार युरोच्या आतबाहेर रक्कम. तो हसला नाही, विचार करून एकेक सांगायला लागला. 2027 च्या ऑक्टोबरात 15 वर्षं पूर्ण होतायत, मग फिटनेस, पुन्हा नोंदणीची 5 हजार फी, ग्रीन टॅक्स. पेट्रोल आता सगळीकडे ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवालं, गाडी त्यासाठी बनलेली नाही. महिन्यातून दोनदा कोणीतरी चालू करायला लागेल नाहीतर बॅटरी जाते. मी म्हटलं, होईल ते सगळं, खर्च मी करतो.

"आणि ठेवणार कुठे?"

त्याच्या सोसायटीत एका फ्लॅटला एक पार्किंग, तेही स्टॅक (एकावर एक गाडी), तिथे नवीन येणार. मामांच्या इथे दोन गाड्या आधीच बाहेर असतात. नौपाड्याची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, पत्रे लागलेत. रस्त्यावर लावू म्हणायला माझं तोंड उघडेना, ग्रुपवर मी काय लिहिलं होतं ते त्यालाही पाठ आहे.

मी त्याच्याकडे रविवारपर्यंतची मुदत मागितली. आज शुक्रवार आहे. दुपारपासून नौपाड्यातल्या तीन जुन्या शेजाऱ्यांना फोन केलेत, एकाकडे तळमजल्याला जागा होती, त्यांनी मार्चमध्ये भाड्याने दिली.