यंत्राकडे काय सोपवावे आणि काय नाही : आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या हॉटेलमधील वास्तव्याबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मी आभारी आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी : प्रवासाने थकून आल्यावर स्वागतकक्षात आपल्यापुढे टॅबलेट ठेवण्यात आला, खोलीतले दिवे टचस्क्रीनवर चालत असल्यामुळे आपल्या आईंना मध्यरात्री उठल्यावर दिवा लावता आला नाही, आणि जाड पांघरुणासाठी मोबाइलवरून निरोप पाठवला, तेव्हा ‘आपली विनंती नोंदवली आहे’ एवढेच उत्तर येऊन पांघरूण मिळायला अर्धा तास लागला. ‘एवढे भाडे मोजून यंत्रांशीच बोलायचे, तर आलिशान हॉटेल कशाला?’ असे आपण विचारले आहे. हॉटेलचा मालक या नात्याने मी स्वतः उत्तर देत आहे.

टॅबलेटबाबत माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. पूर्वी पाहुणा काउंटरसमोर उभा असे आणि पलीकडचा कर्मचारी नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक टाइप करण्यात गढलेला असे. त्याचे बोट की-बोर्डवर आणि नजर पडद्यावर. मला त्या पद्धतीत आदरातिथ्य कधीच दिसले नाही. आता हा तपशील बहुतेक पाहुण्यांकडून आधीच आलेला असतो, टॅबलेटवर फक्त सही राहते, आणि आमचा कर्मचारी काउंटरमागे न थांबता आपल्या शेजारी बसू शकतो. ज्यांना टॅबलेट नको असेल, त्यांना छापील अर्ज आणि पेन मागता येते. तो हवा आहे का, हे यापुढे पाहुण्याने मागण्याआधीच आम्ही विचारू.

दिव्यांबाबत मात्र आपले म्हणणे मला पूर्णपणे पटते. अनोळखी खोलीत, अंधारात, चष्मा बाजूला काढून ठेवलेला असताना माणूस हाताने चाचपडून बटण शोधतो. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच लागत नाही. दिवसा देखणा वाटणारा पडदा त्या वेळी निरुपयोगी ठरतो. म्हणून प्रत्येक पलंगाच्या दोन्ही बाजूंना, हाताला लागेल असे उंचवट्याचे साधे बटण बसवण्याचे काम सुरू करण्यास मी सांगितले आहे. टचस्क्रीन ज्यांना आवडतो, त्यांच्यासाठी तोही राहील.

आलिशान हॉटेल आणि नवे तंत्र यांचे वैर आहे, असे मला वाटत नाही. लंडनचे सॅव्हॉय हे आलिशान हॉटेल 1889 मध्ये उघडले, तेव्हा विजेचे दिवे आणि लिफ्ट हीच त्याची मिरवण्याची गोष्ट होती. उलट टोकाचे उदाहरण जपानमधील नागासाकीजवळच्या ‘हेन ना’ हॉटेलचे. 2015 मध्ये ते रोबोंच्या भरवशावर सुरू झाले आणि 2019 पर्यंत तिथल्या सुमारे 243 रोबोंपैकी निम्म्याहून अधिक कमी करावे लागले. खोलीतली बोलकी बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजून त्याला झोपेतून उठवत असे. घोरणे आणि बोलणे यांतला फरक कळायला माणूस लागतो, आणि आमच्या व्यवसायातले बरेचसे काम अशाच फरकांचे आहे.

पांघरुणाचा प्रसंग म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निरोप नोंदवणे, तो हाउसकीपिंगकडे पोहोचवणे, किती वेळ गेला यावर लक्ष ठेवणे ही कामे यंत्र चोख करते, आणि ती त्याच्याकडेच राहावीत. पण रात्री अकरानंतर पांघरूण मागणाऱ्या पाहुण्याला थंडी वाजते आहे, की सोबतच्या वृद्ध व्यक्तीला बरे वाटत नाही, हे यंत्र विचारत नाही. यापुढे रात्रीच्या प्रत्येक निरोपावर पाळीवरचा कर्मचारी स्वतः फोन करील आणि किती मिनिटांत येतो ते सांगेल. रिट्झ-कार्लटन या आलिशान हॉटेलांच्या साखळीत कोणताही कर्मचारी पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता 2000 डॉलरपर्यंत खर्च करू शकतो, अशी प्रसिद्ध पद्धत आहे. रकमेपेक्षा मला त्यामागचा विश्वास मोलाचा वाटतो. ‘साहेबांना विचारून सांगतो’ असे म्हणणारा माणूस कितीही नम्र असला, तरी पाहुण्याच्या दृष्टीने तो यंत्रासारखाच अडतो. आमच्या रात्रपाळीलाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत असा अधिकार दिला आहे.

खोली आवरणाऱ्या ताईंना आईंनी उशी खुर्चीवर काढून ठेवलेली दिसली आणि दुसऱ्या दिवशी तिथे पातळ उशी आली, याचा आपण कौतुकाने उल्लेख केला आहे. ते पाहिले माणसाने. सकाळच्या पाळीपर्यंत पोहोचवले संगणकातल्या नोंदीने. ही विभागणी मला योग्य वाटते, आणि हॉटेलात नवे काही आणताना मी तीच कसोटी लावतो : यामुळे कर्मचाऱ्याचा वेळ पाहुण्याकडे वळतो, की पाहुण्यालाच कर्मचाऱ्याचे काम करावे लागते? दुसऱ्या प्रकारातल्या सोयी पैसे वाचवतात हे मला ठाऊक आहे. तरीही त्या मला नकोत.

अशा नोंदी आपल्याविषयी ठेवू नयेत असे वाटत असेल, तर आरक्षण विभागाला कळवावे. त्या काढून टाकल्या जातील. तसेच पुढच्या वेळी येताना मोबाइलवरून काहीच करायचे नसेल, तर आरक्षण करतानाच सांगावे. दाराच्या किल्लीपासून बिलापर्यंत सर्व व्यवहार समोरासमोर होतील आणि त्यासाठी आपल्याला रांगेत थांबावे लागणार नाही.

आपला विश्वासू,
हॉटेलचा मालक