डोळ्यातले पडदे लेसर अडवत नाहीत

विसर्जन जवळ आलं की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो: 'डोळ्यातले पडदे आणि पाणी मिळून ९० टक्के लेसर अडवतात, उरलेल्याला पापणी आहेच. फारच वाटलं तर गॉगल घाला. महाद्वार रोडवर बिनधास्त बघा.'

९० टक्के अडतो तो अतिनील प्रकाश. ३५० नॅनोमीटर तरंगलांबीला डोळ्याची लेन्स जवळजवळ सगळं शोषते. मिरवणुकीतला हिरवा लेसर साधारण ५२० ते ५३२ नॅनोमीटरचा. तरुण डोळ्यात त्याचा ८०-९० टक्के भाग रेटिनावर, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर, पोचतो.

असा फुगलेला आकडा मोजणीतल्या चुकीनेही निघतो. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, किती प्रकाश सोडतो हे मोजायला नेत्रदानातला कॉर्निया सलाइन भरलेल्या क्वार्ट्झच्या कुपीत ठेवतात. आधी नुसत्या सलाइनचं रीडिंग घ्यायचं आणि कॉर्नियाच्या रीडिंगला त्याने भागायचं. नाहीतर काचेवरून परतलेला प्रकाशही कॉर्नियाच्या नावावर चढतो. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा पडदा मृत्यूनंतर पाणी पिऊन फुगतो, धुरकट होतो, प्रकाश विखुरतो. डिटेक्टर लांब आणि त्याचं भोक बारीक असेल, तर विखुरलेला प्रकाश 'अडला' असा धरला जातो. म्हणून कुपी आतून पांढऱ्या पोकळ गोळ्याच्या, म्हणजे इंटिग्रेटिंग स्फिअरच्या, तोंडाला टेकवून पुढे आलेला सगळा प्रकाश गोळा करतात. यातली कुठली पद्धत वापरली हे न सांगता दिलेले टक्के फुकट.

बरं, थोडा अडला म्हणून काय झालं? रात्री ७ मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीतून शिरलेला झोत रेटिनावर २० मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा होतो. ७ मिलिमीटर म्हणजे ७००० मायक्रॉन; ७००० भागिले २०, त्याचा वर्ग: प्रखरता सव्वा लाख पटीच्या घरात. त्यातून १०-२० टक्के वजा करून बघा.

मिटलेली पापणी हिरवा प्रकाश बराच अडवते, पण मिटायला पाव सेकंद जातो. १ मिलिवॉटची सुरक्षित मर्यादा त्या पाव सेकंदावरच बेतलेली आहे, आणि शोचे लेसर वॉटमध्ये असतात. झोत फिरता असतो तोवर डोळ्यावर क्षणभरच येतो. फिरवणारा आरसा अडकला की एकाच जागी थांबतो. स्वस्त ५३२च्या लेसरात फिल्टर नसेल तर ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाशही गळतो. तो दिसतच नाही, मग पापणी कशाला मिटेल?

गॉगलचं म्हणाल, तर गडद गॉगलही १५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश आत सोडतो. ओडी म्हणजे चष्मा प्रकाश किती अडवतो त्याचं माप; ओडी ४चा लेसर चष्मा दहा हजारातला एक भाग सोडतो, तोही त्यावर छापलेल्या तरंगलांबीपुरताच. तरंगलांबी आणि ओडी छापलेलीच नसेल, तर तो लेसरचा चष्मा नव्हे.