सूर्य मावळला की बंद पडणारं स्टेशन

अमेरिकेतल्या छोट्या गावांतल्या बंद पडलेल्या रेडिओ स्टेशनांवर एक मजकूर सध्या फिरतोय. गंजलेल्या टॉवरचा फोटो आणि खाली चार विधानं: एफएम आलं आणि एएम मेलं, एएमचा आवाज मुळातच खरखरीत, ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून ही स्टेशनं संध्याकाळीच बंद व्हायची, आता त्यांचा मागमूसही उरलेला नाही. मिडियम वेव्हवर, म्हणजे एएमच्याच पट्ट्यावर, कान लावून बसायचा जुना छंद असल्याने मला गप्प बसवत नाही.

तिसऱ्या विधानापासून सुरू करतो, कारण खरी मेख तिथे आहे. पुष्कळशी स्टेशनं संध्याकाळी बंद व्हायची हे खरं. पण त्यात श्रोत्यांचा काही दोष नव्हता. दिवसा वातावरणातला ‘डी’ थर मिडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे स्टेशन जमिनीलगत पोचेल तेवढंच ऐकू येतं. सूर्य मावळला की हा थर विरतो आणि त्याच लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणजे ५०० वॅटचं चिमुकलं स्टेशन रात्री दुसऱ्याच राज्यात, त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या मोठ्या स्टेशनात शिट्ट्या वाजवणार. म्हणून रेडिओचे परवाने देणाऱ्या तिथल्या सरकारी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने अशा असंख्य स्टेशनांना फक्त दिवसाचा परवाना दिला. त्यांना ‘डेटायमर’ म्हणत.

परवान्यावर दर महिन्याच्या उघडझापीच्या वेळा दिलेल्या असत, पाव तासाच्या हिशेबाने. डिसेंबरात कित्येक ठिकाणी पावणेपाच-पाचलाच गाशा गुंडाळायचा. लोक नेमके कामावरून गाडीत बसून घरी निघालेत, शाळेची बास्केटबॉलची मॅच रात्री आहे, गाव ऐकायला तयार आहे आणि स्टेशन मुकं! अशा स्टेशनला जाहिरात देणार कोण? १९८० च्या दशकात पुष्कळांना रात्री चालू राहायची मुभा मिळाली, पण काहींच्या वाट्याला आली ती इतकी कमी पॉवर की घरातला जुना बल्ब त्याहून जास्त वीज खाई.

१२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० किलोहर्ट्झ या सहा ‘लोकल’ फ्रिक्वेन्सींवर रात्री बोलता येई. पण तिथे इतकी गर्दी की अंधार पडला की सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळून नुसती गजबज. रेडिओवाल्यांनी त्यांना ‘ग्रेव्हयार्ड’ असंच नाव ठेवलंय.

आता एफएमवरचा खुनाचा आरोप. अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँगला एफएमची पेटंट मिळाली १९३३ मध्ये. आजचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा एफएमला दिला गेला १९४५ मध्ये. त्या वर्षी देशात एएम स्टेशनं हजाराच्या आत होती. १९८० मध्ये साडेचार हजारांच्या आसपास. खुनी घरात शिरल्यावर चौपटीहून जास्त फुगणारा बळी मी तरी ऐकलेला नाही. श्रोत्यांचं पारडं एफएमकडे झुकलं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याने एएमचं नुकसान झालं हे मान्यच. पण छोट्या गावाला खरा दणका बसला तो १९८३ नंतर. कमिशनने सुमारे ७०० नव्या एफएम जागा खुल्या केल्या. आधीच मोजक्या असलेल्या जाहिराती मग आणखी वाटल्या गेल्या.

खरखरीबद्दल फार लिहीत नाही. १९८९ च्या नियमानेही स्टेशनला १० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवता येत होता. स्वस्त रेडिओ संच तो तीन-चारवरच कापत. गाणारा नीट गात होता, ऐकणाऱ्याच्या कानात बोळे होते. एएम स्टीरिओचं म्हणाल, तर १९८२ मध्ये कमिशनने कुठलीच एक पद्धत ठरवायला नकार दिला आणि ठरवली ती १९९३ मध्ये. तोवर विचारतो कोण!

ज्या गोष्टीचं त्या मजकुरात नावही नाही ती म्हणजे जमीन. एएममध्ये टॉवर हाच अँटेना. तो तळाशी चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, साधारणपणे १२०. एकेक तार पाव तरंगलांबीची. १००० किलोहर्ट्झला ती होते ७५ मीटर, म्हणजे वर्तुळाला चार एकरांहून जास्त जागा लागली. ५५० ला चौदा एकर. गाव वाढत त्या शेतापर्यंत आलं की बिल्डरचा आकडा आणि वर्षभराच्या जाहिरातींचा आकडा मालक शेजारी-शेजारी मांडून बघणारच. १९९६ च्या कायद्याने तर स्टेशन सलग १२ महिने गप्प राहिलं की परवाना आपोआप रद्द.

आणि मागमूस? कमिशनकडे साधारण १९२७ ते १९८१ दरम्यानच्या प्रत्येक स्टेशनचं कार्ड होतं: मालक कोण, पॉवर किती, वेळ कोणती, कॉल लेटर (स्टेशनची ओळख सांगणारी सरकारी अक्षरं) कधी बदलली. ती कार्डं आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. फक्त कॉल लेटरवरून शोधू नका. ती मागून दुसऱ्याच गावातल्या स्टेशनला दिली गेलेली असू शकतात आणि मग भलत्याच स्टेशनचा इतिहास हाती लागतो. गाव आणि फ्रिक्वेन्सी धरून शोधा. जागा सापडली आणि तांबं कुणी उपटून विकलं नसेल, तर हिरव्या पडलेल्या तारा अजून मातीत असतील. दोन तारा कुठे एकत्र येतात ते बघा. टॉवर तिथे होता.