क्लॉडिया कार्डिनालेचा आवाज कुठे गेला?

इटालियन सिनेमातली नटी क्लॉडिया कार्डिनाले सप्टेंबर २०२५ मध्ये गेली, ८७ वर्षांची होती, आणि जिकडे तिकडे तेच फोटो, ते डोळे, ते केस, खाली 'सौंदर्यवती हरपली' वगैरे. अहो सुंदर होतीच, त्यात वाद कोण घालतंय. पण माझ्या मते तिची खरी ताकद म्हणजे तो घोगरा आवाज, आणि इटलीवाल्यांनी सुरुवातीची कितीतरी वर्षं नेमका तोच कुणाला ऐकू दिला नाही.

बाई जन्मली ट्युनिसमध्ये, घर इटलीतल्या सिसिलीतून आलेल्यांचं, पण वाढली फ्रेंच बोलत, इटालियन धड यायचंच नाही. १९५७ मध्ये ट्युनिशियातली सर्वात सुंदर इटालियन मुलगी म्हणून निवडली गेली, बक्षीस काय तर व्हेनिस फेस्टिवलची ट्रिप, तिथून सिनेमावाले मागे लागले. मग चेहरा हिचा नि आवाज भलतीचाच. आपल्याकडे 'गुलाम'मध्ये राणी मुखर्जीचं केलं ना, सेम. शेवटी १९६३ ला दिग्दर्शक फेलिनीने 'एट अँड अ हाफ'मध्ये तिला तिच्या आवाजात बोलू दिलं. (त्याच काळात दुसरा दिग्दर्शक व्हिस्कोंती, त्याचं 'द लेपर्ड' चालू, व्हिस्कोंतीला केस काळे हवेत, फेलिनीला सोनेरी, बिचारी सारखी रंगवत बसायची.)

आणि फक्त आवाजच दाबला असंही नाही. बलात्कारातून दिवस गेले, १९५८ मध्ये लंडनला गुपचूप मुलगा झाला, आणि करिअरचं कारण देऊन निर्माता क्रिस्ताल्दीने जगाला सांगायला लावलं की हा हिचा धाकटा भाऊ. आई असून वर्षानुवर्षं ताई म्हणून वावरायचं, विचार करा! हे वाचल्यावर मला तरी 'ग्लॅमरस' शब्द नको वाटतो.

तरी पठ्ठी टिकली. कपडे काढून सीन देणार नाही म्हणजे नाही. १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाईम इन द वेस्ट'मध्ये सगळे बंदूकवाले बाप्ये, पण पिक्चर संपतो तो हिच्यावर. २००० साली युनेस्कोने स्त्री हक्कांसाठी सदिच्छादूत केलं.

आणि २०१७ ला कान फेस्टिवलने पोस्टरवर तिचा १९५९ चा फोटो घेतला, तर तोही फोटोशॉप करून बारीक केला! म्हणजे ती कार्डिनाले असूनसुद्धा पुरेशी नाही? लोक भडकले, ती स्वतः म्हणाली की यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टी आहेत जगात. मला नाही पटलं, मी असते तर कोर्टात खेचलं असतं.

असो. 'एट अँड अ हाफ' बघणार असाल तर इटालियनमध्येच बघा, सबटायटल्स लावून. इंग्रजी डब नको प्लीज.